हंगामाची तारीख ठरते, मग वसतिगृहाची का ठरत नाही?

प्रति,
राज्यातल्या साखर कारखान्यांची संचालक मंडळं आणि शिक्षण खात्यातले सर्व संबंधित अधिकारी

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. तिथे वरून आलेला निरोप तोंडी सांगण्यात आला: यंदा गावात हंगामी वसतिगृह, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवून घेण्याची सोय, होणार नाही, संख्या भरत नाही. ज्यांना मुलं मागे ठेवायची असतील त्यांनी ती शेजारच्या गावी पाठवावीत. शेजारचं गाव म्हणजे मधे डोंगराची एक धार आणि एक ओढा. पहिली-दुसरीतल्या लेकरांनी रोज संध्याकाळी तिथे जेवायला जायचं की तिथेच राहायचं, आणि राहायचं तर कुणापाशी, याबद्दल निरोपात काही नव्हतं.

संख्या का भरत नाही, हेही सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडचं वसतिगृह सुरू झालं जानेवारीत. ऊसतोडीला निघालेल्या घरांचे ट्रक गेले दिवाळीच्या तोंडावर. आई-बापांनी आज होईल, उद्या होईल म्हणून वाट पाहिली आणि शेवटी पोरं ट्रकात बसवली. जानेवारीत जेवणं सुरू झाली तेव्हा गावात जी मुलं उरली होती ती मोजली गेली, आणि यंदा तोच आकडा पुढे करण्यात आला. म्हणजे तुम्ही उशीर केलात म्हणून मुलं गेली, आणि मुलं गेली म्हणून वसतिगृह गेलं. हा निर्णय कुठल्या कागदावर आहे, खाली सही कुणाची आहे, हे मुख्याध्यापकांनाही सांगता आलं नाही. कोणा एकाचं नाव सापडेना, म्हणून हे पत्र सगळ्यांना.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, ऊसतोड कामगाराची मुलगी. आता एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरी कायम आहे, पगार वेळेवर होतो, मुलगा शहरातल्या शाळेत जातो. माझं काय अडलंय, असं कुणालाही वाटेल. जे अडलंय ते मोठेपणी दिसतं, म्हणून तर लिहिते आहे.

माझ्याकडे पहिली ते सहावी प्रत्येक इयत्तेचं पहिलं सत्र आहे, दुसरं नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, दिवाळीच्या आगेमागे आमचं बिऱ्हाड ट्रकात चढायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परत. तोवर वर्ग वार्षिक परीक्षेला लागलेला असायचा. गुरुजी चांगले होते, ते आम्हाला पुढे ढकलायचे. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज मला प्रतापगडापर्यंत माहीत होते. आग्र्याहून सुटका, रायगडावरचा राज्याभिषेक हे सगळं पुस्तकाच्या उरलेल्या अर्ध्यात होतं, आणि त्या वेळी मी कऱ्हाडच्या पुढे कुठल्याशा उसाच्या फडात धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होते. कवितांचंही तसंच. पावसाच्या सगळ्या पाठ, उन्हाळ्याची एकही नाही. गणितात बेरीज-वजाबाकी पक्की. अपूर्णांक आणि दशांश मात्र दर वर्षी दिवाळीनंतर यायचे.

नर्सिंगला गेले तेव्हा हे दशांश समोर येऊन बसले. कुपीत इतके मिलिग्रॅम असतील तर या वजनाच्या बाळाला किती मिली द्यायचं, सलाइनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे. बाकीच्या मुली शाळेत शिकलेलं आठवून गणितं करत होत्या. मी मेसच्या खोलीत पाचवीचं पुस्तक उघडून बसायचे, वरून वर्तमानपत्राचं कव्हर घालून. आजही दशांश चिन्ह दिसलं की मी तीनदा तपासते. सहकारी म्हणतात, सिस्टर फार चोख आहेत. त्यांना तो स्वभाव वाटतो. मी पाचवीचं दुसरं सत्र अजून पुरं करते आहे.

फडात लहान मुलांना काम नसतं असा एक समज आहे. मला काम होतं, भाऊ सांभाळायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सावलीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. तो त्यात झोपेपर्यंत झोका द्यायचा, आणि उठला की कोयत्यापासून, चाकापासून, पेटवलेल्या पाचटापासून त्याला लांब ठेवायचं. गाडी भरायला आली की माय मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायची. फळी वीतभर रुंद. मधोमध ती खाली लवायची आणि मायचा पाय एक क्षण थांबायचा. भरणी पुष्कळदा रात्रीच असायची. मी भावाला घेऊन खाली उभी, ट्रकच्या दिव्यात तिच्या फक्त टाचा दिसत. आमच्या रुग्णालयात कपड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन मावशी जिना चढतात. त्या वरच्या पायरीवर पोचेपर्यंत मी हातातलं काम थांबवून उभी राहते. कुणी विचारलं तर सांगायला कारण नसतं. रात्रपाळीला वॉर्डात रुग्णांच्या नातेवाइकांची लेकरं जमिनीवर झोपलेली असतात, ती मी येता-जाता मोजते. हेही माझ्या ड्यूटीत लिहिलेलं नाही.

आणखी एक सांगते आणि हा विषय सोडते. आम्ही राहतो त्या घरात बरीच वर्षं आहोत, पण भिंतीला मी खिळा ठोकू देत नाही. मीठ-तिखट-डाळी एकाच पेटीत ठेवते. नवरा हसतो. आकाशकंदील लागले की शेजारणींचे चेहरे खुलतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण लहानपणी दिवाळी म्हणजे निघायची वेळ. माझ्या मुलाला यातलं काही कळू नये म्हणून मी फराळ जास्तच करते.

लोक मला सांगतात, त्या कष्टांनीच तुला घडवलं. सत्काराच्या भाषणात हे वाक्य ठरलेलं असतं. मला घडवलं ते माझ्या आजीने, आणि ते कसं हे तुम्हाला कळायला हवं, कारण माझी सगळी मागणी त्यातच आहे.

मी सातवीत गेले त्या वर्षी आजी अडून बसली. "पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. म्या बी तिकडं येत न्हाई." तोवर तीही फडावर यायची, मोळ्या बांधायची. तिचे हात गेले म्हणजे टोळीतली कमाई गेली, बापाने आदळआपट केली, पण ती हलली नाही. मी गावात राहिले. भाऊ तेव्हा पहिलीत. माय म्हणाली, एवढं लेकरू मागं कसं ठिवू? तो ट्रकात चढला. पुढे मोठा झाल्यावर बैलांना पाणी दाखवायला, वाढ्यांच्या पेंढ्या बांधायला त्याचा हात लागू लागला. माझी दहावी झाली त्या वर्षी आजी गेली आणि त्याला मागे ठेवायचा प्रश्नच संपला. तो तेव्हा पाचवीत होता.

भाऊ माझ्यापेक्षा हुशार होता. वजनकाट्याच्या पावत्या हातात घेऊन तो तोंडी हिशेब सांगायचा: एवढे टन झाले, टनाला असा दर, टोळी नेणाऱ्या मुकादमाने आगाऊ दिलेली उचल एवढी, फिटायला अजून इतक्या गाड्या. मुकादम त्याच्यासमोर आकडे बोलायला कचरायचा. एकाच आईची आम्ही दोन लेकरं, फडावरची एकच झोपडी, म्हणजे कोपी, एकच ट्रक. फरक पडला तो मला चार हंगाम आजी मिळाली आणि त्याला मिळाली नाही इतकाच. आज मी इथे हे लिहिते आहे आणि त्याने यंदाही उचल घेतली आहे, तो आणि वहिनी मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. त्याची मुलगी, माझी भाची, चौथीत आहे. तिचं इतिहासाचं पुस्तक अजून नवंकोरं आहे.

भाचीला मी माझ्याकडे आणू शकते, कदाचित आणेनही. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना आत्या कुठून आणायची?

हंगामी वसतिगृह म्हणजे तरी दुसरं काय आहे? ज्या घरात आजी नाही त्या घरासाठी सरकारने ठेवलेली आजी. मूल आपल्या गावात, आपल्या शाळेत राहतं, दोन वेळचं जेवण मिळतं, रात्री कुणीतरी लक्ष ठेवतं. योजना चांगली आहे हे मी मनापासून म्हणते. ती वेळेवर सुरू झाली तर एका मुलाचं अख्खं वर्ष वाचतं. उशिरा सुरू झाली तर नुसते ताटवाटीचे हिशेब उरतात.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची, आणि ती दोघांबद्दलही आहे. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समिती ठरवते. २०२३-२४ला १ नोव्हेंबर ठरली, २०२४-२५ला १५ नोव्हेंबर, २०२५-२६ला पुन्हा १ नोव्हेंबर. पंधरा दिवस इकडे-तिकडे, पण हंगाम दिवाळीच्या आसपास लागतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मजूर त्याच्याही आधी निघतात, कारण फडावर पोचून कोप्या उभ्या करायच्या असतात. कुठल्या घरातून कोण जाणार हे तर त्याच्याही कितीतरी आधी ठरलेलं असतं. भर पावसाळ्यात, पेरणीला, पोराच्या लग्नाला, दवाखान्याला पैसा लागतो तेव्हा मुकादम उचल देतो आणि नावं लिहून घेतो. त्याची वही चुकत नाही. कारखान्यांचे तोडणी-वाहतुकीचे करार त्याच वहीवर उभे असतात. मग शाळेला स्थलांतराचं सर्वेक्षण करायला गाव रिकामं व्हायची वाट का बघावी लागते? प्रस्ताव, मंजुरी, निधी हे सगळं दर वर्षी पहिल्यांदाच होत असल्यासारखं का होतं? हंगाम दर वर्षी येतो. तो काही अवकाळी पाऊस नव्हे.

दुसरी तक्रार कारखान्यांकडे. फडातून निघालेली प्रत्येक गाडी तुमच्या काट्यावर मोजली जाते. कुठल्या शेतकऱ्याचा कुठल्या गटातला ऊस कधी तोडायचा याची नोंद तुमच्या शेतकी विभागाकडे असते, तुमचा फडावरचा कर्मचारी, चिटबॉय, येऊन पाहून जातो. तिथल्याच मजुरांच्या तळावर किती मुलं झोपतात, त्यातली किती शाळेच्या वयाची आहेत, किती अंगणवाडीच्या, हे किती कारखान्यांना सांगता येईल? मला एका हंगामात तळावरची साखरशाळा मिळाली होती. ताडपत्रीचं छप्पर, एक फळा, आणि तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या एक ताई. त्यांनी मला घड्याळ वाचायला शिकवलं. २००९चा शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी नियमित शाळेतच जावं असं ठरलं आणि अशा शाळा मागे पडल्या. तत्त्व मला मान्य आहे, ताडपत्रीखालची शाळा ही कुणाच्याही लेकराची शाळा असू नये. पण तिच्या जागी जे यायचं होतं ते अर्धवट आलं. जवळची जिल्हा परिषद शाळा कागदावर जवळ असते. मधे उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता असतो, तो सहा वर्षांच्या पोराने एकट्याने ओलांडायचा. सीमेपलीकडे कर्नाटकात गेलं तर फळ्यावर कानडी. आणि टोळी महिन्याभरात दुसऱ्या फडाला हलली की पुन्हा नवी शाळा.

शिक्षण हमी कार्डाबद्दल थोडक्यात. जिथे जाल तिथल्या शाळेने हे कार्ड बघून मुलाला बसवून घ्यायचं, अशी ती कल्पना. शिक्षण हक्क कायद्याच्या ९व्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, पालकाचं म्हणून नाही. प्रत्यक्षात कार्ड मायच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. ते काढून कुणाला दाखवायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि दाखवायला जायचं तर त्या दिवसाचा खाडा पडतो.

मोठ्या मुलांसाठी २०२१मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. स्वागतच आहे. पण तालुक्याच्या गावातलं वसतिगृह दुसरीतल्या लेकराच्या कामाचं नाही. त्याला आपल्या वाडीतच कुणीतरी हवं. त्यातच २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळवून समूह शाळा करण्याचं पत्र निघालं. अशा १४ हजारांवर शाळा राज्यात असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. आमच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांच्या शाळा याच यादीत बसतात. जिथे शाळाच राहणार नाही तिथे हंगामी वसतिगृह कुठल्या खोलीत भरणार?

मुलींचा प्रश्न मी वेगळा काढते, कारण तो माझ्या टेबलावर येतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी गावात एकटी ठेवायची भीती, तळावर बरोबर न्यायचीही भीती. यावर आमच्याकडे एकच उपाय माहीत आहे. लग्न लावलं की भीती मिटते आणि एक नवा कोयताही तयार होतो, त्याला उचल मिळते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. बीडमध्ये हाच आकडा ४३ टक्क्यांच्या वर आहे. सतरा वर्षांची मुलगी बाळंतपणाला येते, वजन चाळीसच्या आत, रक्त कमी. केसपेपरवर वय सासू सांगते. मी मुलीला विचारते, शाळा कितवीपर्यंत? उत्तर बहुतेकदा सातवी किंवा आठवी असतं. त्या वर्षी तिला गावात ठेवून घेणारं कुणी असतं तर ती माझ्यासमोर त्या वयात आलीच नसती. तुमच्या सर्वेक्षणात ती गळती म्हणून मोजली जाते आणि माझ्याकडे जोखमीची माता म्हणून.

पैशाचं कारण मला ऐकवू नका, एवढी विनंती. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलेलं आहे. बऱ्या हंगामात राज्यात १००० लाख टनांच्या वर ऊस गाळला जातो. माझ्या भावाने हा हिशेब सातव्या वर्षी तोंडी केला असता: नुसत्या कारखान्यांच्या वाट्याचे शंभर कोटी. त्यातले किती जमा झाले, किती थकले, आणि जमा झालेल्यातले मुलांच्या जेवणावर, झोपण्यावर, शाळेवर किती गेले, हे प्रत्येक गावाला कळायला हवं. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, मुकादमांचं कमिशनही वाढलं. त्यासाठी संप झाले, बैठकांवर बैठका झाल्या. मुलांच्या शाळेवरून बोलणी फिसकटली असं मात्र मी आजवर ऐकलेलं नाही. हे मी आमच्या संघटनांच्या नेत्यांनाही सांगते आहे, एकट्या तुम्हाला नाही.

एक युक्तिवाद नेहमी होतो: पालकच मुलांना नेतात, आम्ही काय करणार? माझी माय आम्हाला हौसेने नेत नव्हती. तिचा साधा प्रश्न होता, लेकरू कुणापाशी ठिवावं? ज्या वर्षी त्याला उत्तर मिळालं त्या वर्षी तिने मला ठेवलं. तिला शिक्षणाचं महत्त्व पटवायला कुणाला प्रभात फेरी काढावी लागली नाही. खात्यात भले लोक नाहीत असंही मी म्हणत नाही. पदरचे पैसे घालून जानेवारीपर्यंत मुलांना जेवू घालणारे शिक्षक मी पाहिले आहेत, कारखान्याच्या तळावर सुट्टीच्या दिवशी जाऊन नावं लिहून घेणारेही. पण एखाद्या गुरुजींच्या भलेपणावर योजना चालत असेल तर ते बदलून गेले की ती बंद पडते. आमच्या गावात नेमकं हेच झालं.

आता मागण्या, सरळ भाषेत.

आमच्या गावचं आणि ज्या ज्या गावचं हंगामी वसतिगृह 'संख्या भरत नाही' म्हणून यंदा नाकारलं गेलं आहे, तो निर्णय मागे घ्या. मागच्या जानेवारीतली मुलं मोजू नका, यंदाच्या उचलीची नावं मोजा. शाळेने ऑगस्टमध्येच मुकादमांकडून आणि ग्रामपंचायतीकडून यादी घ्यावी, आणि कारखान्यांनी तोडणीचे करार करताना कुटुंबातल्या मुलांची नावं-वयं त्यात लिहून ती मुलांच्या गावच्या शाळेला कळवावीत. वसतिगृह पहिल्या ट्रकाच्या आधी सुरू झालं पाहिजे. १ ऑक्टोबर ही तारीख कायमची ठरवून टाका. निधी मागाहून आला तरी चालेल, दुकानदार आमच्या शाळेला दोन महिने उधार देतो. पण मंजुरीचा कागद हातात हवा.

वसतिगृहात रात्री मुलांजवळ राहणाऱ्या बाईला, ती गावातली आजी असेल तर तिला, नियमित मानधन द्या. ती फडावर गेली असती तर कमावलं असतं, तेवढं तरी.

जी मुलं तरीही जातील त्यांच्यासाठी प्रत्येक कारखान्यात एक माणूस नेमा, ज्याचं नाव आणि फोन नंबर तळावर लावलेला असेल. मुलांना जवळच्या शाळेत घालणं, ने-आण करणारी गाडी लावणं, तान्ह्यांसाठी पाळणाघर चालवणं ही त्याची जबाबदारी. गावच्या शाळेतही असाच एक माणूस हवा. हमी कार्ड या दोघांनी एकमेकांना पाठवावं, मायच्या पिशवीवर सोपवू नये.

मुलं परत आली की एप्रिलपासून जूनपर्यंत त्यांच्यासाठी दुसऱ्या सत्राचे वर्ग घ्या. पुढे ढकलणं पुरे. अपूर्णांक कुणीतरी शिकवलेच पाहिजेत.

टनामागच्या दहा रुपयांचा कारखानानिहाय हिशेब दर वर्षी जाहीर करा, आणि वाडी-वस्तीवरची शाळा समूहात घालण्याआधी तिथे हंगामात किती मुलं मागे राहू शकतात हे तपासा.

यात नवा कायदा लागेल असं एकही काम नाही. बरीचशी तुमच्याच जुन्या परिपत्रकांत आहेत.

आमच्या गावाला पहिला ट्रक दसऱ्यानंतर लागतो. भावाने मला विचारलंय, पोरीचं काय करायचं, आणि मी त्याला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं आहे. गावातल्या इतर घरांनीही तेवढंच थांबायचं कबूल केलं आहे, त्यापुढे मुकादम थांबणार नाही. उत्तर लेखी द्यावं, तारीख आणि सही असलेलं. या पत्राची प्रत शाळेकडे दिली आहे. उत्तर तिथे मुख्याध्यापकांच्या नावे पाठवलंत तरी ते ग्रामसभेत वाचलं जाईल. सभेच्या दिवसासाठी मी रजा टाकली आहे.

आपली,
एका ऊसतोड कामगाराची मुलगी, एकाची बहीण,
परिचारिका, सरकारी रुग्णालय